ल्युएलाताईंच्या बंद मुठी

सभाध्यक्ष मिल्टनदादा, एक्याण्णवाव्या वर्षीही माझी चूक पकडायला सरसावून बसलेल्या व्यासपीठावरच्या आर्डिथमावशी, शिक्षण खात्यातून तीन तास गाडी हाकत आलेले पाहुणे, शिक्षक मंडळी, मुलांनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, माझी चुलत बहीण ल्युएलाताई!

चुलत हे पाहुण्यांसाठी म्हटलं. आम्हा शोशोनी जमातीच्या लोकांत बहीण ती बहीण, आणि तिला रागवायचा हक्क पूर्ण. मागे हरणाच्या मटणाचा वास सुटलाय, तेव्हा मी थोडक्यात आटोपतो. हसू नका. मागच्या समारंभातही मी हेच म्हणालो होतो, ते मला आठवतंय.

सत्तावीस वर्षं ताईने या शाळेत आपली भाषा शिकवली, आणि आज ती निवृत्त होतेय. पहिल्या वर्षी चार मुलं होती, त्यातलं एक झोपलेलं असायचं. तो झोपाळू गृहस्थ आज आपला मुख्याध्यापक आहे. सर, उभे राहू नका, सगळ्यांना माहीत आहे.

आज या खोऱ्यात आपली भाषा सहज बोलणारी नऊ माणसं उरली आहेत. सहा जण या पहिल्या रांगेत आहेत आणि त्यातल्या दोघांना मी काय बोलतोय ते ऐकू येत नाही. सगळ्यात लहान मी, एकसष्ट वर्षांचा. ताईनंतर वर्गाला कुणी मिळालं नाही, तर ऑगस्टपासून तो तास व्यायामाला जाणार. शाळेची समिती तीनदा माझ्या दारी आली. तीनदा कॉफी पाजून मी त्यांना परत पाठवलं.

का? पाहुणे सोडून सगळ्यांना माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून एक दिवस तिचा वर्ग मी घेतला. माझी नात शायला तेव्हा सात वर्षांची होती.

"आजोबा, कोल्होबाची गोष्ट सांगा ना!"

"अगं, ती हिवाळ्यातच सांगायची असते. भलत्या वेळी सांगितली तर हवा बिघडते."

"मग छोटीशी सांगा."

सांगितली. चार मिनिटांची. दुसऱ्या दिवशी शाळेचा पदवीदान समारंभ मैदानावर होता, आणि सकाळी मैदानावर वीतभर बर्फ! आता आपल्या खोऱ्यात बर्फ काढायची गाडी कोण चालवतं? मीच. अख्खं गाव कुंपणाला टेकून बघत होतं आणि मी माझं पाप उपसत होतो. ताई डोळ्याला पट्टी बांधून आली.

"ऑर्व्हल, कोणती सांगितलीस?"

"छोटी."

"छोटीला एवढं? मोठी सांगितली असतीस तर जूनपर्यंत खणून काढावं लागलं असतं आम्हाला!"

तेव्हापासून कुणाची गाडी चिखलात रुतली तरी "आज कोणती सांगितलीस?" म्हणून फोन मला येतो. आणि त्या वर्गात पाऊल ठेवायचं नाही, म्हणून मीही कानाला खडा लावला.

पण खरं सांगू? भीती बर्फाची नव्हती. बर्फ मी काढू शकतो. इतक्या मुलांसमोर माझा एखादा शब्द चुकला, तर तो चुकलेलाच पुढे जाईल, आणि सुधारायला कुणी उरलेलं नसेल. या भीतीने मला झोप येत नाही.

म्हणून अर्ध्या तासापूर्वी ताईने सर्वांदेखत माझ्यापुढे दोन मुठी धरल्या. पाहुण्यांनो, हा आमचा हाडांचा खेळ. हाडं चार, दोन काळ्या पट्ट्याची, दोन कोरी; एका वेळी एका मुठीत पट्ट्याचं धरायचं, दुसरीत कोरं. कोरं कुठे ते ओळखायचं. ताई म्हणाली, "ओळखलंस तर सुटलास. चुकलास तर वर्ग तुझा." मावश्यांनी गाणं धरलं. मी डावी मूठ दाखवली. पट्टा निघाला! तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी मान खाली घातली.

मग आपल्या रीतीप्रमाणे सत्कारमूर्तीनेच सगळ्यांना भेटी वाटल्या. पहिलं नाव माझं घेतलं आणि हे ब्लँकेट माझ्या हातावर ठेवलं. मघापासून बोलताना त्यात काहीतरी खुळखुळतंय. थांबा जरा.

बघा, मावशी. दोन हाडं. दोन्ही कोरी.

म्हणजे दोन्ही मुठींत पट्टेच होते! ताई, तू उजवी मूठ उघडलीच नाहीस!

काय म्हणालीस? "तू मागितलंस कुठे?" ऐकलंत? सत्तावीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारी ही बाई!

पण लबाडी तिला पचत नाही. म्हणून पुरावा स्वतःच्या हाताने मला देऊन टाकला. म्हणजे मी हरलो नव्हतो. मी मोकळा आहे, मंडळी. जेवून घरी जाऊ शकतो.

शायला, अशी बघू नकोस गं माझ्याकडे.

ताई, जरा पुढे ये. ही कोरी हाडं माझ्या मुठींत घेतली. तू ओळख. जिंकलीस तर वर्ग मी घेतो. गाणं धरा, मावशी!

डावी म्हणतेस? हे घे, कोरं! जिंकलीस. उजवी मी उघडत नाही, आणि तूही मागू नकोस.

समितीचे, स्वयंपाक करणाऱ्या मंडळींचे आणि पाहुण्यांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला टोचलं असेल, तर एकसष्ट वर्षांच्या या नव्या मास्तराला सांभाळून घ्या. उद्या बर्फ पडलाच, तर सभागृह साक्षी आहे, मी कोल्होबाचं फक्त नाव घेतलंय.

आणि ताई, तुझा निरोप समारंभ मी इथेच रद्द करतो. ऑगस्टमध्ये तू शेवटच्या बाकावर बसायचं. माझा शब्द चुकला की तिथूनच ओरडायचं, मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.