कॉम्प्युटरच्या वयाची थाप

आष्ट्यात मतीनच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तहरीम शाळेच्या प्रकल्पाची प्रिंट काढायला थांबली होती. पण तिचे कान टवकारले होते ते पुढच्या खुर्चीतल्या रूथमावशी आणि मतीन यांच्या बोलण्याकडे.

“मावशी, चर्चचा हा गाणी दाखवायचा प्रोग्रॅम जुना, कॉम्प्युटर नवा, म्हणून चालू होईना. प्रोग्रॅमबी नवाच टाकू की!”

“आन् आमच्या ह्यांनी टाइप केलेली तीनशे गाणी? माणूस गेला, आता गाणीबी घालवतोस व्हय?”

“न्हाई वो. हे बघा, झाला चालू.”

“लगेच? काय केलंस?”

“प्रोग्रॅमला सांगितलं, हा कॉम्प्युटर जुनाच हाय.”

“म्हंजे थाप मारलीस!”

“आवं, तसं सेटिंगच असतंय.”

“रविवारी भर उपासनेत त्याला खरं कळलं तर?”

“न्हाई कळत, मावशी.”

“तू समोर हायस म्हणून चालतंय ते. बंद कर. आन् बाहेर हो.”

“माझ्याच दुकानातनं?”

“व्हय. मी एकटी लावून बघणार.”

मतीन उन्हात जाऊन उभा राहिला. पडद्यावर गाण्याची पहिली ओळ उमटली, तसा मावशींनी हलकेच सूर धरला.

“मावशी, येऊ का आत?”

“थांब रं. कडवं संपू दे.”