ओल्या हातांचा सूड

...आणि वर मलाच म्हणतात, "अगं, पाणीच तर आहे!" पाणीच? तुम्हाला सांगते, लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देते मी, अर्धं घर त्यावर चालतं. गॅलरीत पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत घातल्या रे घातल्या, की वरच्या मजल्यावर आमच्या थोरल्या जाऊबाईंना त्यांची गॅलरी धुवायची हुक्की येते! आणि त्यांच्या गॅलरीचा पाइप निघतो कुठे? बरोब्बर माझ्या चादरींच्या डोक्यावर! गोड बोलून सांगितलं, डोळे वटारून सांगितलं... "अगं, पाणीच तर आहे!" मग मी ठरवलं. सूड म्हणजे सूड!

पाइपाच्या तोंडावर पत्र्याचं झाकण ठोकायचं, स्क्रूने, घट्ट! तुंबू दे पाणी, शिरू दे त्यांच्या हॉलमध्ये, भिजू दे तो नवा गालिचा! घरात बॅटरीवरचं ड्रिल होतंच. आमच्या ह्यांनी बजावलं होतं, नाकातल्या आवाजात, "ओल्यात चालवू नकोस हं ते, बॅटरीत पाणी गेलं तर..." पण मी म्हटलं, त्याला वायरच नाही, तर शॉक कुठून लागणार? हो की नाही? चढले स्टुलावर. स्टूल ओलं, हात ओले, पहिला स्क्रू लावतेय तोच वरून भस्सकन बादली! मला आंघोळ, ड्रिलला आंघोळ. ते घुर्रर्र करून गप्प. मी थांबले? छे! सूड म्हणजे सूड! ओढणीने, तीही ओलीच, बॅटरी पुसली न पुसली आणि दिली लावून चार्जरला. इस्त्रीच्या टेबलावर. कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी!

आधी चर्रर्र... मग वास... मग धूर! बॅटरी उचलायला हात घातला, तर मागून कुणीतरी माझी वेणी धरून खस्सकन ओढलं. जाऊबाई! "हात लावू नकोस! आधी बाहेर हो!" मला दाराबाहेर ढकललं, जिन्यातला मेन स्विच बंद केला, दार ओढून घेतलं, अग्निशमनवाल्यांना फोन लावला, सगळं एका दमात. मी विचारलं, "तुम्ही कशा आलात?" तर म्हणाल्या, "भांडायला! माझ्या पाइपाला कोण खुटखुट करतंय ते बघायला!"

टेबल गेलं, गठ्ठा गेला, भिंत कोळसा झाली. मी तेवढी धड. पायरीवर ओलीचिंब बसले होते हो... त्यांनी अंगावरची शाल काढून मला गुंडाळली. तेवढा वेळ सूड विसरले मी. तेवढाच!

कारण तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला सांगतात, "मी वेणी धरली म्हणून वाचली!" आणि कशी धरली, ते माझीच वेणी ओढून दाखवतात! ह्यांनी नवं ड्रिल आणलं, ठेवलं कुठे? वर. जाऊबाईंकडे. मागायला गेलं की दारातच फर्मान, "हात बघू." मी, चाळिशी उलटलेली बाई, दोन्ही तळवे पुढे करते. त्या उलटेसुलटे करून बघतात, फडकं देतात. "पूस. परत दाखव."

आणि मी काय करते?

...पुसते.