मागावर बसते, जी

—न्हाय गं मालू, राग कसला? राग असता तर दार उघडलं असतं व्हय? बस. पोराला त्या घोंगड्यावर ठेव, भुई गार हाय. नाक बघ कसं आत्यावर गेलंय — माझ्यावर गं, दुसरी आत्या कुठली त्याला! तर काय म्हणत हुतीस — पदराजवळ तारा तुटाय लागल्यात, गाठ बसंना, आणि उद्या व्यापारी लुगडं न्यायला येणार. म्हणून वन्संची आठवण झाली. असू दे, असू दे, खाली बघू नकोस, चेष्टा करते मी. माग माझ्या आप्पाचा, त्यावर धोटा टाकायला तुला शिकवलं मी, मग गाठ अडल्यावर तू दुसऱ्या कुणाकडं जाणार?

घरी चला म्हणतीस? न्हाय. ते सोडून बोल. भावकूनं धाडलं का तुला? — आपणहून आलीस? मग बरं. भाऊ हाय माझा, पाठचा, आई गेल्यावर माझ्याच हातानं जेवलाय, पण त्याचं नाव ह्या खोलीत नको. का म्हणून काय विचारतीस? तुला ठावं न्हाय? — खरंच न्हाय? मग त्यानं काय सांगितलं तुला — आक्का आपल्या खुशीनं खडी फोडाय गेली? असं सांगितलं? खुशीनं!

सांगायचं न्हाय असं ठरवलंतं मी. पर आता तोंडात आलंय तर ऐक. जर्मनची लढाई सरली त्या साली पाऊस न्हवता, सूत मिळंना म्हणून माग बंद पडलेला, रांडमुंड बाई म्हणून मला सरकारी शिधा मिळायचा — देवळाफुडं रांगेत बसायचं आणि पदर पसरायचा, लई लाज वाटायची. मग हुकूम आला, शिधा बंद, बसून खाणाऱ्यांस्नी कामाला लावा. हुकूम वाईट न्हवता, खोटं कशाला बोलू? मला तर आनंदच झाला. विणकरांस्नी सरकार सूत देणार, घरटी एकानं आपल्याच मागावर बसायचं, बाकीच्यांनी खानापूरच्या रस्त्यावर खडी फोडायची. मी म्हटलं, आपलं काय, आपण मागावरच. तो नवा सायब आलता, गोरा, पुस्तकातनं मराठी शिकलेला. मला विचारतो, बाई, तू काय करतेस? मी म्हटलं, मागावर बसते, जी. त्यानं काय ऐकलं? मागत बसते! तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. मी हातानं धोटा टाकून दाखवला — हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं — तर त्याला वाटलं, ही हात पसरतीया. मला हसूच आलं गं. कारण भावकू तिथंच उभा, नवा मुकादम, सायबाच्या बाजूला. म्हटलं, आता सांगंल आमचा भावकू. सायबानं त्याला विचारलं बी — ही बाई भीक मागते काय? भावकूनं माझ्याकडं बघितलं न्हाय. व्हय सायब, म्हणाला. एवढंच. आणि तो सायब किती मायेनं बोलला मला — आता मागायचे नाही, बाई, आम्ही तुला काम शिकवू. मला! काम शिकवणार!

मी का बोलले न्हाय? बोलले असते तर मुकादम खोटा पडला असता, त्याची मुकादमी तिथंच गेली असती. तुमच्या घरात काय शिजलं असतं मग?

तू पोटुशी हुतीस, ठावं हाय मला. घरात मागावरची जागा एक, आणि तुला उन्हात दगडावर कशी धाडायची? मला म्हणाला असता, आक्का, मालूला बसू दे मागावर — देवाशपथ सांगते, हातोडी मी आपणहून उचलली असती. विचारलं न्हाय गं त्यानं. भिकारीण म्हणून मोकळा झाला. आणि मग रोज माझ्याच खडीच्या ढिगाला मापाची पट्टी लावायला यायचा, सायबाम्होरं हाक मारायचा, नागुबाई! — आक्का न्हाय, नागुबाई. दगडाचं काय वाटलं न्हाय मला, त्या हाकेचं वाटलं.

जाऊ दे. आण ती रेशमाची लड, दाखवते गाठ. दिवसभर मिरचीची देठं काढते, पर रातचं निजताना बोटास्नी लोणी चोळते — कशाला विचारू नकोस. म्हटलं, खडी सरली, आता बोटं मऊ हुतील, मग कुणाच्या तरी मागावर... हं, हिकडं बघ. दोन्ही टोकं अशी चिमटीत धरायची, आणि अंगठ्यानं हळूच —

अडकली. थांब, वढू नकोस, रेशीम पिंजारतंय. अंगठ्याची चीर हाय जराशी, त्यात जातंय. दुसऱ्या हातानं धरते. बघ आता, अशी —

न्हाय.

घे तुझी लड. शहापुरात जयाबाईकडं जा, ती दाखवील, तिची बोटं चांगली हायेत. रडू नकोस, तुझा काय दोष? पोराला उचल, जागं हुईल. आणि भावकूनं विचारलं तर सांग त्याला — सायबाला सांगितलंस त्यातलं निम्मं खरं झालं. आक्का आता मागावर बसत न्हाय. मागत बी न्हाय म्हणावं. जा. जाताना दार वढून घे.