आतल्या खोलीतलं मशीन

नाही, बसा ताई, बसा तुम्ही, मी नाही म्हटलेलंच नाही अजून — फक्त ती बाटली जरा इकडे वळवा म्हटलं. नाव माझंच चिकटवलंय ना? आईचं रक्त मागच्या महिन्यात नेलंय तुमच्याच लॅबनं, आणि एकाच घरातल्या दोन बाटल्या, आडनाव एक, पत्ता एक — अदलाबदल व्हायला काय लागतं? होत नाही म्हणता. बरं. दाखवा तरी. थांबा, वाचू दे मला नीट...

हं, माझंच आहे. ऐकलंत का, मशीन थांबलं आत? — नाही, लागलं परत. दोरा बदलत असेल. आई आहे, पडदे शिवतेय, कोपऱ्यावरच्या हॉटेलचे, लांबच्या लांब पट्ट्या मारायच्या आहेत, त्यामुळे आवाज सलग यायला हवा. सलग आला की मी निश्चिंत. मधेच थांबला की माझे कान तिकडे, कारण आमच्याकडे मशीन थांबण्याचा अर्थ दोरा तुटला असाही होतो आणि सुई बोटातून आरपार गेली असाही होतो, आणि दोन्ही वेळा आईचा चेहरा एकसारखाच. हसू नका. खरंच गेली होती. मी चहा घेऊन गेले तर ही बोट मशीनखाली अडकवून बसलेली, आणि मला म्हणते काय — "बरं झालं आलीस, ते चाक उलटं फिरव जरा, माझा हात पोचत नाहीये." तेव्हा चक्कर आली ती मला. तिनंच मग पट्टी बांधली स्वतःला, आणि मला पाणी दिलं.

तुम्हाला डॉक्टरबाईंनी सांगितलं असेलच. नाही? नुसतं रक्त आणायला पाठवलं? हे मला पटत नाही बघा, माणसाला सांगायला नको का, कशाचं रक्त आणतोय ते? आईचा घोटा मोडला होता. जिन्यावरून घसरली, उठली, आणि मोडक्या घोट्यावर आठवडाभर कपडे पोचवत फिरली. पाय टम्म सुजला, चप्पल चढेना, तेव्हा मीच ओढत नेली तिला. एक्स-रे काढणारा माणूस एकदा फोटोकडे बघतोय, एकदा आईकडे. डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखत नाही? तर आई म्हणाली, "दुखायला हवंय का?" — अशी, अगदी मदत करायच्या सुरात, म्हणजे त्यांना हवं असेल तर प्रयत्न करते म्हणून.

मग ते सगळं निघालं. आपल्या शरीरात म्हणे भांगेसारखं द्रव्य आपलं आपणच तयार होतं. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. दुखणं, भूक, झोप, आठवण, भीती — सगळ्यांना लगाम घालणारं. त्याची कुलपं आहेत पेशींवर, मेंदूत आहेत, आतड्यात आहेत, जखम भरून काढणाऱ्या पेशींवर आहेत, आणि हे द्रव्य म्हणजे किल्ली. त्यातल्या एकाचं नाव तर आपल्या आनंदावरूनच ठेवलंय, आनंदामाइड. मला तिथंच संशय आला. औषधाला असं गोड नाव ठेवलं की ते कुणीतरी विकायला काढलेलं असतं. पण नाही, खरंच आहे, मी चार ठिकाणी वाचून बघितलं. तर हे द्रव्य काम झालं की लगेच पुसून टाकायचं असतं, त्यासाठी एक एन्झाइम असतं, झाडूवाला समजा. आईचा झाडूवाला जन्मापासून कामचुकार. त्यामुळे ते साचून राहतं. म्हणून दुखत नाही, घाबरत नाही, जखम भराभर भरते, आणि गॅसवर दूध ठेवून विसरते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "म्हणजे मी गेली पन्नास वर्षं नशेत आहे, आणि एवढे पडदे सरळ शिवले?" दोघी इतक्या हसल्या. मला नाही हसू आलं. मी विचारत होते, दूध करपलं तर वास कुणाला येतो? मला येतो. इस्त्री कोण बंद करतं? मी. तिचे हात रोज संध्याकाळी उलटसुलट करून बघते मी, भाजलंय का, कापलंय का. लहानपणापासून. इतर मुलींच्या आया त्यांची नखं तपासायच्या, मी —

काय होतं ते?

चेन होय. बॅगेची. सांगून उघडा ना ताई, काळजात धस्स झालं माझ्या. आणि आतलंही थांबलं बघा परत, ऐका... नाही, आहे. सुरू आहे. आज मशीनला काय झालंय कळत नाही, मधेमधे असं अडखळतंय.

तर माझं हे असं. लिफ्टचं दार वाजलं की दचकते, फोन वाजला की दचकते, कुणी हळूच आलं तरी दचकते आणि धाडकन आलं तरी. कॉलेजात मला सगळे फटाकडी म्हणायचे, मी फुटते म्हणून नाही, फुटेल फुटेल वाटत राहतं म्हणून. डॉक्टरबाई सांगत होत्या, एक पेशी दुसरीला ओरडून सांगते, दुखलं, पळ, धोका. तर ऐकणारी पेशीच उलटा निरोप धाडते — पुरे, पोचलं मला, आता गप्प हो. तो निरोप म्हणजे हे द्रव्य. सगळं उलट्या दिशेनं चालतं, ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे. मला हे फार आवडलं, खोटं कशाला सांगू. मला वाटतं माझ्याकडे कुणी पुरे म्हणतच नाही. तुम्हीही नाही म्हणत, बघा, कधीची बोलतेय मी. आई पण नाही म्हणत. उलट म्हणते, "बोल, बोलत राहा, मला शिवायला बरं वाटतं." आता हे प्रेमानं म्हणते, की रेडिओ लावल्यासारखं, कसं ओळखायचं?

आणि ती गोळी. झाडूवाल्याला अडवणारी गोळी करून बघतायत म्हणे, म्हणजे आईला फुकट मिळालंय ते बाकीच्यांना मिळावं. अजून नीट जमलेलं नाही, डॉक्टरबाईंनी स्वतः कबूल केलं. पण खालच्या दुकानदाराला कुठून वास लागला देव जाणे, तो मला परवा एक तेलाची बाटली दाखवत होता, जिभेखाली दोन थेंब टाका, आईसारख्या व्हाल. मी विचारलं, यात आहे काय? म्हणाला, नैसर्गिक आहे. विषही नैसर्गिकच असतं. नाही घेतली. आणि समजा झालेच मी आईसारखी — मग दूध करपल्याचा वास कुणाला येणार? दोघी बसू हसत, घर पेटलेलं.

हो, मुद्द्यावर येते. तुम्हाला अजून दुसऱ्या घरी रक्त घ्यायला जायचं असेल. मी दवाखान्यात दोनदा येऊन परत गेले, म्हणून तुम्हाला घरी पाठवलंय, माहीत आहे मला. सुईला नाही घाबरत मी. म्हणजे घाबरते, पण ते कारण नाही. तपासायचं काय आहे? आईच्या जनुकातला तो फरक माझ्यात आलाय का. आला असला, तर तिची शांतता माझ्या रक्तात असूनही मी अशी आहे, म्हणजे मला असं या घरानं केलं. आणि नसला, तर — डॉक्टरबाई म्हणतात नसला तरी काही बिघडत नाही, आईचं निम्मंच मुलाकडे येतं, ते आलं नसेल इतकंच. किती सोयीचं उत्तर आहे हे. मावशीला विचारा. मावशी आजही सगळ्यांना हसून हसून सांगते, मी झाले तेव्हा आई नर्सला बाहीचं माप कसं घ्यायचं ते समजावत होती. नर्स म्हणाली, हिला अजून वेळ आहे, काहीच होत नाहीये. मावशी थर्मास भरायला गेली, येऊन बघते तर आईच्या मांडीवर मी. आई म्हणाली, "मला वाटलं कुणी धरायला दिलंय." हा घरातला विनोद आहे. मीही हसते. पण ताई, बाईला कळसुद्धा आली नाही, मग मांडीवर आले ती तिचीच, याची तिला खूण काय? मी बाजारात हरवले होते लहानपणी. एका कापडवाल्यानं गादीवर बसवून ठेवलं, रडून रडून माझा आवाज बसला. आई आली ती चालत. बटणांची पुडी हातात. म्हणाली, "सापडलीस? चल." पळत नाही आली. मी तेव्हापासून बघतेय, कधीतरी माझ्यासाठी तिच्या तोंडचं पाणी पळेल. एकदा. किती वर्षं —

जाऊ दे. हे तुम्हाला कशाला सांगितलं मी. डॉक्टरबाईंना सांगू नका. बांधा तो पट्टा, डाव्या हाताला, बांधा. मी तिकडे बघते...

थांबा. टोचू नका. मशीन थांबलंय. — नाही, या वेळी खरंच थांबलंय. लागत नाहीये परत. आई? आई, काय झालं? बोट बघ —

ऐकलंत काय म्हणाली? ऐकलं ना तुम्ही पण? "मला कुठं काय झालंय. तुझा आवाज बंद झाला म्हणून थांबले."

आणि लागलं. मी बोलायला लागले आणि लागलं, बघा. म्हणजे मघाशी मी नाव वाचत होते तेव्हा... आणि चेन वाजली, मी बोलता बोलता थांबले, तेव्हा पण. दोरा नव्हता तो.

की योगायोग असेल? असेलही. एका वेळेनं काही सिद्ध होत नाही. घ्या ताई, टोचा आता, विचारू नका, भरा तुमची बाटली. पण काही बोलू नका जरा वेळ, आणि ती चेन लावू नका. मी गप्प बसतेय. ती किती वेळ थांबते ते बघू दे मला.