समास आखलेली यादी

काकू, हेडमास्तर साहेब, आणि सुरवाडे सरांच्या हाताखालून गेलेले तुम्ही सगळे,

सरांच्या ह्या शोकसभेत माझ्याआधी चौघं बोलले. सर किती वेळेचे पक्के होते, किती कडक होते, सगळं सांगितलं. ते खरंच आहे. मला मात्र वेगळं बोलायचंय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या. फक्त उठून कोणी जाऊ नका.

मी दिनकर. ह्याच हायस्कुलात, नववी ‘ब’ चा मॉनिटर. धरणगावात माझं अक्षर नावाजलेलं होतं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो. हे मिरवायला सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

इतिहासाच्या पुस्तकात त्या विषयाला चार ओळी होत्या. हिटलरने ज्यूंचा छळ केला, लाखो माणसं मारली, आणि मग पुढचा धडा. सर त्या चार ओळींवर आठवडा घालवायचे. एका शिक्षकांनी त्यांना विचारलं होतं, किती मार्काला येतं हो हे परीक्षेत? सर म्हणाले, हे परीक्षा झाल्यावर येतं.

तर एके दिवशी सर वर्गात आले आणि मला म्हणाले, “दिनकर, वर्गातली वेगळी पोरं कोण, त्यांची यादी कर. दहा मिनिटं देतो.” एवढंच. बाकी एक शब्द नाही.

मी फुलस्केप घेतला. लाल शाईने समास आखला. सात नावं लिहिली. पहिला सलीम. मग विहाराजवळ राहणारे दोघं. भिलाटीतली, भिल्लांच्या वस्तीतली सुमन. पाय ओढत चालणारा एक, बोलताना अडखळणारा एक. आणि जिची आई नवऱ्याला सोडून माहेरी आली होती, ती एक मुलगी. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सरांनी कागद पाहिला.

“वेगळी म्हणजे कोण, हे मी सांगितलं होतं का?”

“नाही सर.”

“तू विचारलंस?”

“नाही सर.”

“कशाला हवी यादी, हे तरी विचारलंस?”

“नाही सर.”

“आणि समाससुद्धा आखलास.”

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, खाली आठवं नाव लिहिलं, स्वतःचं. विहाराजवळच तर त्यांचंही घर होतं. आणि ती आठ नावं त्यांनी हजेरीसारखी वाचली. एकही जण ‘हजर’ म्हणाला नाही.

मग सर बोलले. म्हणाले, “तिकडे जर्मनीत ज्यूंना भरून नेणाऱ्या मालगाड्या नंतर आल्या. भट्ट्या त्याहून नंतर. आधी चांगल्या अक्षराचा कोणीतरी टेबलाशी बसला. त्याने कोणाला बोटसुद्धा लावलं नाही. काम आटोपून वेळेवर घरी जेवायला गेला.”

मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्टेशनावर मालगाडीच्या डब्यांत कापसाच्या गाठी भरत, ते आपण रोज बघायचो. मी महिनाभर त्या बाजूला फिरकलो नाही. माझी आई तणतणत शाळेत आली. “मास्तर, मना पोऱ्या दोन दिवसफाईन जेवत नही. काय शिकाडं तुम्हीन त्याले?” सर हात जोडून म्हणाले, “जेवी तो, अक्का. पन हाई त्यानी इसराले नको.” हे त्याने विसरायला नको, एवढंच.

आणि सलीम. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता मारतो. तो फक्त म्हणाला, “तुनं अक्षर चांगलं शे.” आणि त्याने आपला डबा पुढे सरकवला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सरांचंही चुकलं होतं, मंडळी. ते स्वतःच पुढे मला म्हणाले, त्या सात पोरांना न विचारता मी त्यांची नावं वाचली, तो माझा गुन्हा. त्यानंतर त्यांनी कुठल्याच वर्गात यादी करून घेतली नाही. पण प्रश्न सोडला नाही. कंबोडिया असो, पुढे रवांडा असो, पेपरातलं कात्रण वर्गात आणायचे आणि पहिला प्रश्न तोच विचारायचे. यादी कोणी केली?

आता जे सांगायचंय ते सांगतो.

मी कारकून झालो. दुसऱ्या तालुक्यात. रेशनकार्डांचं रजिस्टर माझ्या टेबलावर. दंगलींचा तो हिवाळा तुम्हाला आठवत असेल, रेडिओ लावायची भीती वाटायची. एका दुपारी ओळखीचे तिघं आले. चांगले कपडे, गोड बोलणं. चहासुद्धा त्यांनीच मागवला. म्हणाले, “भाऊ, त्या दोन गल्ल्यांतली घरं लिहून दे. त्या लोकांची. शांतता कमिटीला लागताहेत.”

मी कागद घेतला. समास आखला. आणि लिहायला लागलो.

अकरा घरं लिहिली, मंडळी. अकरा. कोण राहतं, घरात किती माणसं, सगळं. मग मान वर केली, तर त्यातला एक जण समासाकडे बघत होता. म्हणाला, “वा, काय सुंदर काम आहे.” तिथं माझा हात थांबला. मी त्यांना हाकललं नाही. तेवढी धमक माझ्यात नव्हती. साहेब आल्यावर शिक्का मारून देतो म्हणालो, कागद खिशात घातला आणि लघवीला जातो सांगून मागच्या दाराने निघालो. तीन दिवस ऑफिसला गेलो नाही. त्या गल्ल्यांत काही झालं नाही. पण ते माझ्यामुळे टळलं, असं मला म्हणता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सरांकडे आलो. कागद पुढे ठेवला. सरांनी चष्मा लावला, वाचला. उठले, ट्रंक उघडली, नववीतली यादी काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. समास अगदी सारखे.

मला वाटलं, म्हणतील, शाबास, थांबलास. सर म्हणाले, “पहिल्या नावाला का नाही थांबलास?”

मग त्यांनी सातव्या घरावर बोट ठेवलं. सलीमच्या बहिणीचं घर. तिच्या लग्नात आम्ही दोघांनी मिळून वाढप केलं होतं. घर माझं पाहिलेलं. लिहिताना मला ते कळलं नव्हतं, असं मी सरांना सांगितलं. ते खोटं होतं. मला कळलं होतं, आणि तरी मी पुढचं, आठवं घर लिहिलं.

“सलीमला सांगितलंस?”

“नाही सर.”

“सांग.”

त्यानंतर दर दिवाळीला मी भेटायला यायचो आणि सर दारातच विचारायचे, सांगितलंस का? मी म्हणायचो, पुढच्या वेळी. शेवटी दवाखान्यात त्यांना बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त भुवया उंचावल्या. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी डोळे मिटले. चार दिवसांनी सर गेले.

परवा काकूंनी सरांच्या ट्रंकेतलं एक पाकीट मला दिलं. दोन्ही कागद आहेत त्यात. हे बघा.

सलीम, तू तिसऱ्या रांगेत बसलायस. मगापासून मी तुझ्याकडे बघितलं नाही. आता बघतो. ताईचं नाव मी लिहिलं होतं. माझ्या हाताने, चांगल्या अक्षरात. माफी मागायला उभा नाही, तुला माहीत असावं म्हणून उभा आहे. सभा संपली की मी फाटकापाशी थांबेन. तू येशील, न येशील, ते तुझं.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं उभे राहू. एक विनंती आहे, डोळे मिटू नका. शेजारी कोण उभं आहे त्याच्याकडे बघा.

आणि सर, सांगितलं मी.