मशीनला पटलेला चेहरा

हे ऐकून हसणार असाल तर सांगतच नाही. आमच्या मंद्रूपकडच्या शाळेत हजेरीसाठी तोंड दाखवायचं मशीन बसवलंय. मी ही अशी काळी, त्यामुळे ते मला बघतच नाही. हेडसर रोज म्हणायचे, "बाई, उजेडात या, नाहीतर थोडी पावडर लावा की!" मग मी मशीनसमोर चेहरा वाकडातिकडा करत उभी. त्यानंतर शिपाई शिवप्पामामांच्या हातचा आल्याचा चहा, तेवढंच माझं सुख.

परवा सोलापूरहून येताना एसटी बंद पडली. धावतपळत पोचले, तर दारातच हेडसर खूश. "आज पहिल्या झटक्यात हजेरी लागली की तुमची!"

मला वाटलं, उशिरा आले म्हणून टोमणा मारतायत. मामा कपबश्या विसळत होते.

"मामा, माझा चहा?"

"आत्ताच पिऊन गेला की तुमी."

मी तशीच वर्गात गेले. फळ्यावर आजचाच धडा लिहिलेला, तोही माझ्याच अक्षरात. पहिल्या बाकावरची रेणुका माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय गं?"

"बाई, मगाशी तुमी लई गोऱ्या व्हता."