मोटारीच्या खोलीतली गणितं

…आन् ह्यो दुसरा डीपी हाय! दुसरा! पंधरा दिसांत! न्हाई न्हाई, तुम्ही बसा, उठू नका, नंबर काय आत्ता लागत न्हाई, पुढं सात ट्रॉल्या हायत, मी मोजल्यात, सकाळधरनं चारदा मोजल्यात, दुसरं कामच काय हाय मला… तुम्ही कुठलं? इनामगावचं? मग जवळचंच की. मी मांडवगणचा. जोतिबा म्हणत्यात मला. आमच्या वस्तीवर अकरा घरं, अकरा मोटारी आन् सगळ्यांना लाईट देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर एकच, ह्यो डीपी. आता डीपी जळणं म्हंजी काय नवं न्हाई, उन्हाळ्यात जळतोच, तुमचाबी जळलाच हाय की! वर्गणी काढायची, खांबावरनं उतरवायचा, ट्रॉलीत घालायचा, हितं दौंडला आणायचा आन् दुरुस्तीच्या शेडसमोर बसायचं, ही रीतच हाय. पर तुम्हाला सांगतो, आपुनच जाळलेल्या डीपीची वर्गणी आपुनच गोळा करत कुणी दारोदार फिरलंय का? फिरलंय का कुणी? मी फिरलो!

मारुतआबांनी फिरवलं. आबा म्हंजी वस्तीतलं सगळ्यात थोरलं माणूस, ऐंशी वर्साचं, पर नजर अशी की बांध टीचभर सरकला तरी कळतंय. पयला डीपी जळला तवा सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं आन् काठी आपटत म्हणले, "डीपी उगं जळत न्हाई! कुणीतरी जादा भार टाकलाय! जोतिबा, तू शिकल्याला हायस. वर्गणीबी तूच गोळा कर आन् चोरबी तूच हुडक." आता तुम्हीच सांगा, मी काय बोलणार? मी मान हलवली.

कारण चोर माझ्याच मोटारीच्या खोलीत होता. एक न्हाई, सहा.

मेव्हणा हाय माझा, सम्राट. बायकोचा धाकटा भाऊ. कारेगावात रूम घेऊन ऱ्हातो, कंपनीत कामाला हाय, म्हंजी कंपनीत कमी आन् मोबाईलात जास्त. संक्रांतीला आला, तिळगूळ तोंडात टाकला आन् म्हणतोय, "दाजी, तुम्ही सोन्यावर बसलाय आन् तुम्हाला पत्ताच न्हाई!" मी उठून खाली बघितलं. बाज होती. "तसं न्हाई दाजी! तुमच्याकडं शेतीपंपाची लाईट हाय! बिल न्हाई! जगात लोकं लाईटीपायी रडत्यात! आपुन मशीन बसवायचं. मशीन गणितं सोडवतं. गणित सुटलं की कॉइन, म्हंजी मोबाईलातला पैसा."

म्हणलं, "कुणाची गणितं?"

"जगाची, दाजी."

"जगाला स्वताची गणितं येत न्हाईत?"

"लय अवघड असत्यात ती."

"बरं, आन् सोडवून त्या उत्तराचं करत्यात काय?"

"काय न्हाई. त्याच्यावरनं कळतं फक्त, की आपुन सोडवलं."

आमची समृद्धी धाव्वीला हाय, ती वही घेऊन पळत आली, "मामा, मग माझं बीजगणित…?" तर हा म्हणतोय, "न्हाई गं बाळा, तसली गणितं मशीनला जमत न्हाईत." अहो, तितंच मला शानपण यायला पायजे होतं का न्हाई? जे मशीन धाव्वीचं गणित सोडवंना ते मला काय सोडवणार हाय? पर आमची सविता पदर खोचून उभी ऱ्हायली, "भाऊ एवढा जीव तोडून सांगतोय, तुम्हाला माझ्या माहेरचं कवा चांगलं दिसलंय का?" बायकोच्या माहेरापुढं मी काय बोलणार? मी मान हलवली.

गोठ्यातनं दोन म्हशी गेल्या आन् मोटारीच्या खोलीत सहा मशीनी आल्या. जुन्या, कुणीतरी वापरून टाकल्याल्या. म्हस निदान रवंथ करताना गप बसती हो! ह्या मशीनी न्हाई बसत! घोंघोंघोंघों… नुसता मळणीयंत्राचा आवाज, आन् मागनं असा गरम वारा की माणूस उभा ऱ्हाईना. आता शेतीच्या लाईटीवर मोटार सोडून दुसरं काय चालवायचं न्हाई, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. वस्तीवर कळलं तर पाठीचं सालटं काढतील! आन् तिसऱ्याच दिशी ज्ञानेश्वरी वहिनी, आमच्या शेजारच्या, कंबरेवर हात ठेवून दारात, "भावजी, खोलीत काय घोंघावतंय वं?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "अंडी उबवायचं मशीन हाय."

का निघालं? कसं निघालं? मला म्हाईत न्हाई! दुसरं कायबी बोलता आलं असतं का न्हाई? पंखा म्हणलो असतो, पिठाची गिरण म्हणलो असतो! पर अंडी निघाली तोंडातनं, आन् दुसऱ्या दिशी धुरपदाआत्या बारा अंडी घेऊन हजर. धुरपदाआत्या म्हंजी एकटी बाई, माणूस न्हाई, पोरबाळ न्हाई, दहा गुंठं रान, त्यात मेथी आन् घास, आन् चार कोंबड्या. "जोतिबा, माझी गावरान हायत बाबा, नीट उबव." मी काय बोलणार? मी मान हलवली.

ठेवली मशीनीमागं. चार तासांत उकडली! मग काय, एकवीस दिवस गप बसलो आन् एकविसाव्या दिशी शिरूरच्या बाजारातनं बारा पिल्लं आणून आत्याच्या पदरात टाकली. पांढरीफेक! आत्यानं उलटीपालटी करून बघितली, म्हणली, "गावरान अंड्यातनं अशी गोरी कशी रं?" म्हणलं, "आत्या, मशीनीत ऊन लागत न्हाई." झालं! आत्या वस्तीभर सांगत सुटली, जोतिबाच्या मशीनीत बाराच्या बारा निघाली, एक अंडं वाया न्हाई! मग ज्ञानेश्वरी वहिनींची वीस, आबांच्या सुनंची पंधरा… तुम्हाला सांगतो, तीन महिन्यांत मी शिरूरला इतक्या चकरा मारल्यात की तो पिल्लंवाला मला चहा पाजतोय. आन् आम्ही? दोन्ही वखताला उकडल्याली अंडी! समृद्धी म्हणती, "पप्पा, आज तरी भाजी करा ना."

आन् कॉइन? सम्राट मोबाईल दाखवायचा. शून्य, टिंब, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य… लांब, पार कडंला, एक आकडा. "वाढतंय दाजी!" म्हणलं, "मग काढून दे की." "आत्ता न्हाई, आत्ता बाजार पडलाय." चार दिसांनी इचारलं, तर म्हणतो, "आत्ता न्हाई, आत्ता बाजार चढतोय." अरं मग काढायचं कवा? पडल्यावर न्हाई, चढल्यावर न्हाई, आडवा झाल्यावर काढायचं का?

आता खरी चूक सांगतो, आन् ही सम्राटची न्हाई, ही माझी स्वताची अक्कल हाय. आपल्याकडं रीत काय? लाईट कवा येईल कवा जाईल ठावं न्हाई, म्हणून परत्येकाच्या स्टार्टरला ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप चालू, आपुन घरात का असंना. मग मीबी हुशारी केली. मशीनींनाबी ऑटो बसवला! सहाच्या सहांना! सम्राट म्हणला, "दाजी, हे मला सुचलं नसतं." कसं सुचंल? शेतकऱ्यालाच सुचतंय हे! वर फ्यूज सारखा उडायचा म्हणून डीपीला माझ्या फेजच्या फ्यूजची तारबी मीच जाड टाकली. मग काय व्हणार? भर एप्रिलात, टळटळीत दुपारी, अकरा मोटारी आन् सहा मशीनी, तापला, तापला आन् गेला डीपी.

वर्गणीला धुरपदाआत्याकडं गेलो तर तिनं कनवटीची गाठ सोडली. म्हणली, "त्यातली चार पिल्लं इकली रं. घे. मेथीला पाणी मिळालं म्हंजी झालं. तुझ्यामुळं डीपी येतोय बाबा, पांडुरंग तुझं भलं करो." अहो, हात जळाला माझा! मला वाटलं हितंच पाय धरावं आन् सांगून टाकावं, आत्या, मीच हाय त्यो. न्हाई सांगितलं. घेतलं पैसं आन् आलो. ते अजून मला गिळवत न्हाई, उकडलं अंडं अडकावं तसं हितं अडकलंय.

नऊ दिवस ह्याच शेडसमोर बसलो, ह्याच दगडावर. ऊस पिवळा पडला, आत्याची मेथी माना टाकाय लागली. दहाव्या दिशी डीपी घेऊन गेलो, चढवला. आबांनी नारळ फोडला, आत्यानं हळदीकुंकू वाहिलं, खांबाला बरं का! वायरमन वर चढला आन् वरडला, "सगळ्यांनी ऑटो बंद करा! एकदम भार नको!" आबा स्वता काठी टेकत अकरा खोल्या फिरले. "जोतिबा, तुझा ऑटो?" म्हणलं, "बंद हाय आबा." आन् होता बंद. मोटारीचा.

वायरमननं लाईट चालू करायची दांडी वढली.

सगळ्या वस्तीवर शांतता. एक मोटार न्हाई, एक पंखा न्हाई. आन् त्या शांततेत माझ्या खोलीतनं… घोंऽऽऽऽ! सहाच्या सहा! नऊ दिसांच्या बसल्याल्या, एकदम! मी पळालो, चप्पल तितंच, "बंद करतो, बंद करतो" म्हणत पळालो, पर पोचायच्या आधी मागं फाट्कन आवाज, भुस्सकन् तेल, आन् वायरमन दोरीला लोंबकळतोय आन् शिव्या देतोय!

मग आली सगळी. माझ्या खोलीच्या दारात अकरा घरांची माणसं. आबांनी मशीनीला हात लावला, चटका बसला, काढला. "जोतिबा, अंडी कुठं हायत?"

सांगितलं. सगळं सांगितलं. म्हशी, गणितं, पांढरी पिल्लं, जाड तार. मी आपला डोळं मिटून उभा, म्हणलं आता पयला फटका आबांच्या काठीचा. आन् मग आबा हळूच म्हणतात, "सुटतं किती ह्याच्यात?"

"आबा, लेकीची शप्पत, काय सुटत न्हाई! म्हशी गेल्या, ऊस चालला, घरात अंडी खाऊन खाऊन पोरगी रडती…"

मागनं कुणीतरी म्हणलं, "सुटत नसतं तर लपवलं कशाला असतं?"

घ्या! ह्याला उत्तर हाय का? तुमच्याकडं हाय का उत्तर? दुसरा म्हणतोय, "तीन महिने एकटाच खातोय! डीपी आमचा, वर्गणी आमची आन् कॉइन ह्याचं!" मी वरडून वरडून सांगतोय, अहो हे मला बुडवून बसलंय, तुम्ही कशाला पाय घालताय, पर जितकं न्हाई म्हणावं तितकं त्यांना खरं वाटतंय! शेवटी आबांनी काठी आपटली. निकाल काय दिला? मशीनी जप्त! आन् पाण्याची पाळी लावत्यात तशी मशीनींची पाळी लावली. वहीत, नावं घालून, वार घालून. त्या दिशीचं कॉइन त्या घराचं. मला गुरुवार दिला. गुरुवारी लाईटच नसती!

धुरपदाआत्या मागं उभी होती. तिच्याकडं बघायचं धाडस न्हाई मला. ती पुढं आली, म्हणली, "माझी मेथी गेली रं जोतिबा." मला रडू फुटलं. खरंच फुटलं, सगळ्यांदेखत. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आन् आबांकडं वळून इचारलं, "मला कुठला वार दिला?"

म्हणून ह्यो दुसरा डीपी. ह्यावेळी वर्गणी मागावी लागली न्हाई, घरी आणून दिली लोकांनी! वर मोठ्या डीपीचा अर्ज करायला लावलाय, खिशात हाय बघा. कारण लिहिलंय, 'उभी पिकं वाळत आहेत.' खोटं न्हाई हो ते! ऊस वाळतोयच! पर मोठा डीपी आला की पयलं काय चालू व्हणार, पाणी का घोंघों, हे मला ठावं हाय आन् मला कुणी इचारत न्हाई. आबा म्हणले, "जोतिबा, तुला यातलं कळतं, तूच पुढं व्हो." मी काय बोलणार? मी मान हलवली.

तर हे असं हाय. तुम्ही तरी ह्या फंदात… काय? …काय म्हणता? …अहो, तुम्ही आत्ता ऐकलं ना सगळं? म्हशी, ऊस, आत्याची मेथी? …ऐकलं. …तरीबी? …दोनच मशीनी? उगं बघायला?

…घ्या. लिहून घ्या सम्राटचा नंबर. आन् मागच्या ट्रॉलीवाल्यांनाबी तुम्हीच द्या, ते कवापासनं कान लावून बसल्यात… मला परत पयल्यापासनं सांगाय लावू नका.